पाण्याच्या वाटेने मालवणास

कोकणात जाऊन पाहावयाचे काय, असा प्रश्न शहरातील एखाद्या घरात निघाला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : समुद्र. मालवणचा किल्ला, तारकर्लीची वाळू, होडीतून मारलेली एखादी फेरी आणि परततेवेळी बरोबर घेतलेली कोकमे व काजूगर, एवढ्यावर सुटीचे चार दिवस संपून जातात. या उत्तरात चूक काहीच नाही. परंतु ज्या जिल्ह्याला १ मे १९८१ रोजी एका जलदुर्गाचे नाव मिळाले, त्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला गोड्या पाण्याचीही एक परंपरा आहे. ती समुद्राइतकी भव्य नसली तरी माणसाच्या संसाराला अधिक जवळची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस दर्याला मिळण्यापूर्वी काही ठिकाणी थबकतो. कोठे देवाच्या कुंडात, कोठे राजवाड्याच्या पायाशी, कोठे शेतकऱ्याच्या बांधाआड. त्या मुक्कामांवर थांबत थांबत जो मालवणास पोहोचेल, त्याला समुद्रही निराळ्या दृष्टीने पाहावयास मिळेल.

देशावरून येणाऱ्या प्रवाशाला पहिला मुक्काम लागतो तो आंबोलीचा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचे हे गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. वर्षाकाठी साडेसात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथे कोसळतो. पुण्याचा मनुष्य दहा वर्षांत जितका पाऊस पाहतो, तितका आंबोलीकर एका वर्षात अंगावर घेतो असे म्हटले तरी चालेल. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी यांना जोडणारा रस्ता इंग्रजी अमलात या घाटातून गेला, आणि सावंतवाडी संस्थानचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी १८८० च्या सुमारास येथे थंड हवेचे ठिकाण वसविले. घाटातील मोठा धबधबा आषाढ-श्रावणात पाहावा. गेळे गावच्या हद्दीतील कावळेसादच्या कड्यावर तर खाली पडणारे पाणी दरीतून उठणाऱ्या वाऱ्याने पुन्हा वर फेकले जाते. पाऊस खालून वरही येतो, हे तेथे उभे राहून भिजल्याशिवाय खरे वाटत नाही.

या गावचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. पश्चिमेच्या कड्यावरून उडी घेणारे पाणी थोड्याच कोसांवरील अरबी समुद्रास मिळते. पूर्वेकडे वळलेली हिरण्यकेशी मात्र घटप्रभेला, घटप्रभेतून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला जाते. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांची अशी जन्माची ताटातूट येथे होते.

हिरण्यकेशीचा उगम एका गुहेत आहे. गुहेपाशी देवालय आणि देवालयापुढे लहानसे कुंड. आकाराने हे कुंड इतके साधे आहे की घाईचा प्रवासी नमस्कार करून पाच मिनिटांत परत फिरतो. पण याच पाण्यात राहणाऱ्या एका बोटभर माशाची २०२० साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंद केली आणि नदीचेच नाव देऊन त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे म्हटले. पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने येथील सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. हा मासा आजवर टिकला, त्याचे बरेचसे श्रेय देवाच्या पाण्यात जाळे टाकू नये या जुन्या संकेताला द्यावे लागेल. परंतु संकेत जाळ्यापुरताच आहे. पुण्य म्हणून कोणी बाहेरचे मासे आणून कुंडात सोडले, किंवा भाविकपणाने पिठाचे गोळे व निर्माल्य पाण्यात टाकले, तर एवढ्याशा जागेत जगणाऱ्या जिवाला दुसरीकडे जावयास वाट नाही. तेथे हात जोडावेत आणि दुसरे काही करू नये.

आता घाट उतरावयाचा. सुमारे तीस किलोमीटरांवर सावंतवाडी लागते. हिचे जुने नाव सुंदरवाडी, आणि ते नाव तिला शोभून दिसते ते गावाच्या मध्यभागी असलेल्या मोती तलावामुळे. एका बाजूस नरेंद्र डोंगराची गर्द झाडी, दुसऱ्या बाजूस तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, उभा राहिलेला राजवाडा, आणि मधोमध हे पाणी. संध्याकाळी सारे गाव या तलावाभोवती फिरावयास येते. सावंतवाडीत पाहुणा आला की त्याला आधी चहा मिळतो आणि मग तलावाची प्रदक्षिणा घडते.

चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. लाकडी आंबे, केळी, फणस यांचे रंग असे हुबेहूब की घरी नेल्यावर लहान मूल प्रथम त्यांना चावूनच पाहते. राजवाड्यात गंजिफा रंगविण्याचे काम पाहावयास मिळते. दशावतारी गंजिफा म्हणजे प्रत्येक अवताराची बारा, अशी एकशेवीस वाटोळी पाने. ही कला मरणपंथास लागली असता १९७० नंतरच्या वर्षांत श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेतली व नव्या हातांना शिकविली. एक पिढी आणखी गेली असती तर शिकवावयास कोणी उरले नसते. वारसा म्हणजे जुनी वस्तू जपणे खरे. पण ती वस्तू घडविणारा हातही त्याबरोबर जपावा लागतो. ही गोष्ट पुढच्या मुक्कामी उपयोगी पडणार आहे.

सावंतवाडीहून कुडाळ आणि कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून मालवणचा रस्ता धरला म्हणजे वाटेत काळसे व धामापूर ही गावे येतात. मुंबईहून येणाऱ्यास कोकण रेल्वेने थेट कुडाळास उतरता येते. पूर्वी मालवणची वाट आगबोटीची होती, त्यामुळे मागच्या पिढीतील प्रवासी आधी समुद्र पाहत आणि मग डोंगर. आता क्रम उलटला आहे. तरीही मोटार धामापुराजवळून भरधाव निघून जाते, कारण आतल्या मंडळींचे मन तारकर्लीला आधीच पोहोचलेले असते. रस्त्यापासून काही पावलांवर, झाडांच्या आड, सुमारे पाचशे वर्षांचे पाणी पसरलेले आहे हे त्यांच्या गावीही नसते.

हा तलाव १५३० साली बांधला गेला. विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई यांनी तो ग्रामस्थांच्या साह्याने बांधला, असे सांगितले जाते. शिवछत्रपतींचा जन्म त्यानंतर शंभर वर्षांनी व्हावयाचा होता. दोन टेकड्यांमधील खिंड माती व दगड यांच्या बांधाने अडविली आणि डोंगरउतारावरचे पाणी मागे तुंबविले. योजना ऐकावयास एवढी सोपी आहे. परंतु कोकणचा पाऊस चार महिन्यांत जे करतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला मातीचा बांध पाचशे पावसाळे उभा राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक शंका मनात येते. जेथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे तलावाची गरजच काय? याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यावर पडलेले पाणी काही वाहून जाते, काही मुरते आणि कातळाखालून झिरपत खाडीस मिळते. जवळच कर्लीच्या खाडीत भरतीबरोबर खारे पाणी वर चढते. म्हणून श्रावणात जो शेतकरी गुडघाभर पाण्यात लावणी करतो, तोच वैशाखात घागरभर पाण्यासाठी विहिरीत वाकून पाहतो. पावसाळ्यातील सुकाळ उन्हाळ्यापर्यंत पोहोचविणे हाच कोकणच्या शेतीचा खरा प्रश्न आहे, आणि धामापूरच्या लोकांनी त्याचे उत्तर १५३० साली काढून ठेवले. बांधाच्या मोरीतून सुटलेले पाणी पाटाने खालच्या मळ्यांत उतरते. त्यावर वायंगणचे भात पिकते, माडपोफळींच्या बागा भर उन्हाळ्यात हिरव्या राहतात, आणि मालवण शहराच्या नळांनाही याच तलावाने पाणी दिले आहे. जो प्रवासी तारकर्लीच्या घाईत हा तलाव न पाहता पुढे गेला, त्याने मालवणात पहिला घोट घेतला तेव्हा कदाचित याच तलावाची भेट घेतली असेल.

काठावर भगवती देवीचे मंदिर आहे. तेथून पायऱ्या पाण्यात उतरतात. सकाळी लवकर जाऊन या पायऱ्यांवर बसावे. समोरच्या टेकडीची सावली हळूहळू मागे सरते, खंड्या एकाच फांदीवरून पुन्हा पुन्हा पाण्यात सूर मारतो, आणि एखादा धनेश पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून निघून जातो. पाऊस सरल्यावर, आश्विनापासून पौषापर्यंतचा काळ उत्तम. करण्यासारखे येथे दुसरे काही नाही, आणि पुष्कळांना हेच प्रथम अवघड वाटते.

या तलावाची एक कथा गावोगाव सांगितली जाते. पूर्वी कोणा गरिबाच्या घरी लग्नकार्य निघाले आणि नवरीच्या अंगावर घालावयास दागिने नसले, म्हणजे तो फुलांची परडी घेऊन तलावाकाठी येई. देवीला आपली अडचण सांगून परडी पाण्यात सोडी. परडी बुडे, आणि पुन्हा वर येई ती सोन्याच्या दागिन्यांनी भरलेली. अट एकच होती : कार्य पार पडले की दागिने पाण्यास परत करावयाचे. कित्येक पिढ्या हा व्यवहार चालला. पुढे कोणा एकाला मोह झाला, त्याने दागिने परत केले नाहीत. आणि त्या दिवसापासून तलावाने देणे बंद केले.

शिकलेला मनुष्य या कथेला हसेल. पण क्षणभर सोन्याच्या जागी पाणी ठेवून पाहावे. तलाव दरवर्षी भरतो, दरवर्षी गावाला देतो, आणि त्या मोबदल्यात एवढेच मागतो की बांध राखावा, मोरी साफ ठेवावी, वरच्या डोंगरावरची झाडी तोडून गाळ खाली आणू नये. हा उसनवारीचा करार होता. तो लिहून ठेवण्याऐवजी त्या काळच्या शहाण्या माणसांनी त्याची गोष्ट केली, कारण कागदाला वाळवी लागते आणि गोष्ट नातवंडे सांगत राहतात.

२०२० साली या कराराला एक मोठी साक्ष मिळाली. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने शंभर वर्षांहून जुन्या व महत्त्वाच्या सिंचनकामांच्या जागतिक वारसायादीत धामापूरच्या तलावाचा समावेश केला. त्याच वेळी आंध्र प्रदेशातील कंबम व पोरुमामिळ्ळ येथील तलावांचाही सन्मान झाला, आणि तेही विजयनगरच्याच काळातील. हंपीचे महाल भग्न झाले, पण त्याच राजवटीत अडविलेले पाणी अजून शेतात जाते आहे. राजांच्या कीर्तीपेक्षा शेतकऱ्याच्या पाटाला दीर्घायुष्य लाभले.

मात्र नाव मोठे झाले की पाहुणे वाढतात, आणि पाहुणे वाढले की त्यांच्या सोयी. मोटारी उभ्या करण्यास जागा हवी, काठावर उपाहारगृह हवे, पाण्यात यंत्राची नाव हवी, रात्री दिवे हवेत. यांतील प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. परंतु काठावरची झाडी गेली तर पहिल्याच पावसात माती पाण्यात येते. गाळ साचला तर पाणी मावत नाही. आणि पाणी मावले नाही तर वायंगणाचा मळा पडीक राहतो. पाहुण्याची सुटी चार दिवसांत संपते. मळा पडीक राहिला तर ज्याच्या घरची चूल थंडावते, तो त्या वेळी त्याला दिसत नाही. म्हणून धामापुरास जरूर जावे, मुलांनाही न्यावे. पण बरोबर नेलेले सर्व बरोबर परत आणावे आणि आपल्याकरिता तेथे काही बांधावे अशी इच्छा धरू नये.

तेथून मालवण सोळा-सतरा किलोमीटर. बंदरावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली महाराजांनी त्याच्या बांधकामास आरंभ केला. होडीतून किल्ल्यात गेलेल्या प्रवाशाला तट व बुरूज दाखविले जातात. त्याने दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरीही आवर्जून पाहाव्यात. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी. हे पाणी नसते तर एवढा तट कशाचे रक्षण करणार होता? ज्यांनी विहिरींना दूध, दही आणि साखर यांची नावे दिली, त्यांना पाण्याचे मोल सांगावयास दुसऱ्या कोणाची गरज नव्हती.

डोंगरावरच्या कुंडापासून समुद्रातल्या विहिरीपर्यंतचा हा प्रवास दोन-तीन दिवसांत सहज होतो. सुटीवरून परत आल्यावर शेजारी विचारतील, कोकणातून काय आणले? कोकमे आणि काजूगर दाखवावेतच. त्यांबरोबर परडीची ती गोष्टही सांगावी, आणि शेजाऱ्यांच्या मुलांना हाक मारून सांगावी.