सामाईक भिंत आणि शेजाऱ्यांमधील करार

बेंगळुरूच्या बनशंकरी भागात तीस बाय चाळीस फुटांच्या, म्हणजे बाराशे चौरस फुटांच्या भूखंडांवर पूर्वी उभारलेली बैठी घरे आता पाडली जातात आणि त्यांच्या जागी तळाशी वाहनतळ असलेल्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहतात. या सगळ्या खटाटोपात शेजारच्या घराचा विचार बहुधा भेगा पडल्यानंतरच होतो. दोन मालकांच्या हद्दीवर असलेली आणि दोघांच्याही उपयोगाची भिंत म्हणजे सामाईक भिंत, आणि तिच्यावर किंवा तिच्या लगत काम करण्याआधी दोघांनी लेखी ठरवलेल्या अटी म्हणजे सामाईक भिंतीचा करार. इंग्लंड व वेल्समध्ये यासाठी १९९६चा स्वतंत्र कायदा असून जुन्या सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. भारतात असा कायदा नाही, म्हणूनच येथे कराराची गरज अधिक आहे.

या विषयाचा सर्वांत रसपूर्ण भाग श्रोत्यांना म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात सापडेल. तेथे हाती आलेले आणि आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेले कौटिलीय अर्थशास्त्र तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम सांगते. दोन घरांमध्ये किती पावले अंतर असावे, लगतच्या छपरांच्या कडांमध्ये चार अंगुळे जागा सोडावी की एक कड दुसरीवर यावी, इतक्या बारकाईने तेथे विचार केलेला आहे. बाळंतिणीसाठी दहा दिवसांपुरत्या केलेल्या सोयीला सवलतही दिलेली आहे. त्याहून मोलाची तरतूद अशी, की घरमालकांनी एकत्र येऊन आपल्या संमतीने हवे तसे बांधावे, मात्र कोणाला अपाय होईल असे टाळावे. राजदंडाचा एवढा पुरस्कार करणारा ग्रंथ येथे शेजाऱ्यांच्या संमतीला नियमाइतके स्थान देतो, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्यासारखी आहे.

छपरांच्या कडांचा तो प्रश्न बनशंकरीत आजही जिवंत आहे, कारण दोन भिंतींमध्ये राहिलेल्या दोन-चार इंचांच्या फटीत गवंड्याचा हात पोहोचत नाही, बाहेरचा गिलावा राहून जातो आणि पावसाळ्यात दोन्ही घरांना ओल येते. फटीवर पत्र्याचे झाकण कोणी बसवावे, हे मात्र कोणीच ठरवलेले नसते.

आधाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मोकळ्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळणे हा निसर्गदत्त हक्क मानला जातो. पण त्या जमिनीवर बांधलेल्या घराच्या भाराला तोच आधार हक्क म्हणून मिळण्यासाठी तो वीस वर्षे निर्वेधपणे लाभलेला असावा लागतो, आणि अशा हक्कास सुविधाधिकार म्हणतात. वाहनतळासाठी हद्दीलगत यंत्राने खोल खड्डा घेतला, की जुन्या घराच्या उथळ दगडी पायाखालची माती सरकू लागते. म्हणून आधी करार, मग खोदकाम. शेजारच्या प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे, जुन्या भेगांची नोंद, खोदकामाची खोली, मातीला द्यावयाचा तात्पुरता आधार, नुकसान भरून देण्याची जबाबदारी आणि तंटा झाल्यास दोघांना मान्य असलेला अभियंता, एवढे त्यात असलेच पाहिजे.

घर घेताना खाता (पालिकेतील मालमत्तेची नोंद) आणि भार प्रमाणपत्र (मालमत्तेवरील नोंदणीकृत व्यवहारांचा दाखला) डोळ्यांत तेल घालून तपासणारे सुशिक्षित नागरिक हद्दीच्या भिंतीकडे साधी नजरही टाकत नाहीत, ही सवय सोडायला हवी. मुद्रांकाच्या कागदावर दोन सह्या झाल्या की काम संपले, हा समजही अपुरा आहे. भिंतीवरील कायमचा हक्क देणारा, शंभर किंवा अधिक रुपये मूल्याचा दस्त १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो; नोंद न केल्यास भार प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख येत नाही, आणि पुढे घर विकले गेले की नव्या मालकाला त्या कराराचा पत्ताही नसतो. नोंदणीचा खर्च कोणी करावा, हेदेखील खोदकामापूर्वीच लिहून ठेवावे.