देवदासची हवेली आणि आमचा वन बीएचके

आज गप्पा घर सजवायच्या.

तर झालं असं. अप्पा रिटायर झाले आणि आम्ही सिडकोतलं भाड्याचं घर सोडून स्वतःचा वन बीएचके घेतला. इंटिरिअरसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते दोन लाख, तेही अप्पांच्या फंडातले. मी आणि ताई लागलो कामाला. 'देवदास' लावला, पारोच्या घरातल्या त्या रंगीत काचांपाशी पॉज केलं, स्क्रीनशॉट काढला आणि सुताराला दाखवला. त्याने आकडा सांगितला. अप्पा काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. आई म्हणाली, "काचा लावा हो, पण पाण्याचे ड्रम कुठं ठेवायचे ते आधी सांगा."

आपल्या शहरात नळाला पाणी रोज कुठे येतं! पारोच्या हवेलीत ड्रम दिसला का कुणाला?

मग मी जरा वाचायला लागलो. तो सेट उभा केला होता आपल्या नितीन चंद्रकांत देसाईंनी. 'लगान'चं चंपानेर त्यांचंच, कर्जतच्या स्टुडिओत 'जोधा अकबर'चा किल्ला उभारला तोही त्यांनीच. राष्ट्रीय पुरस्कार चार. 2023 मध्ये ते गेले.

आणि सेट म्हणजे काय, हे कळल्यावर डोक्यात प्रकाश पडला. बऱ्याच सेटला छतच नसतं, कारण वरून लाइट लावायचे असतात. एखादी भिंत सरकवता येते, कॅमेरा मागे न्यायला. दगडी दिसणारा खांब आतून पोकळ असतो, प्लाय आणि प्लास्टरचा. जे कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच बनवतात. शूटिंग संपलं की बहुतेक वेळा मोडतात. तिथे कुणाला फरशी पुसायची नसते, की मार्चपासून तापणाऱ्या खोलीत झोपायचं नसतं.

म्हणजे सेटवरची वस्तू उचलली तर खर्च. सेटमागचा विचार उचलला तर फुकट!

आता म्हणाल, ही फसवाफसवी झाली. तर मग जरा बीबी का मकबरा बघून या. सगळा संगमरवर वाटतो ना? संगमरवर आहे खाली कमरेच्या उंचीएवढा आणि वर घुमटाला. मधलं बांधकाम आपल्या काळ्या दगडाचं, त्यावर घोटीव गिलावा आणि नक्षी. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे बजेट प्लॅनिंग! नजर आणि हात जिथे जातो तिथे पैसा, बाकी ठिकाणी कारागिरी.

दुसरी गोष्ट उजेडाची. सिनेमातली खोली ऊबदार का वाटते? उजेड बाजूने येतो, खिडकीतून किंवा दिव्यातून. आपल्याकडे भिंतीवर एकच ट्यूबलाइट, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. एक पिवळा दिवा कोपऱ्यात लावून बघा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. चांगला कला दिग्दर्शक आधी विचारतो, इथे राहतं कोण? 'गुलाबजाम'मधलं राधाचं स्वयंपाकघर आठवा. तिथली भांडी शोभेची नाहीत, ती रांधते म्हणून आहेत. आम्ही हा प्रश्न विचारलाच नव्हता. आमच्या घरात पारो राहत नाही. पेपर वाचणारे अप्पा राहतात, ड्रम भरणारी आई राहते.

मग काय केलं? फॉल्स सीलिंग रद्द, काचा रद्द. हॉलची एकच भिंत गडद हिरवी केली. आजीची जुनी हिमरू शाल ट्रंकेत पडून होती, ती फ्रेम करून त्याच भिंतीवर लावली. ही विणकाम आपल्या शहराची ओळख, आणि आम्ही तिला डांबरगोळ्यांत ठेवलं होतं! ड्रमसाठी बाल्कनीत मजबूत कट्टा, पुढे बांबूची चिक. अप्पांच्या खुर्चीशेजारी पिवळा दिवा. दोन लाखांतले निम्म्याहून जास्त परत बँकेत गेले.

परवा रात्री अप्पा त्या दिव्याखाली पेपर वाचत होते. आई म्हणाली, "सिनेमातल्यासारखं दिसतंय हो." अप्पांनी पेपर खाली केला नाही, पण हसले.

तर या आठवड्याचा होमवर्क. आवडता सिनेमा लावा, आवडती खोली आली की पॉज करा आणि तीन प्रश्न विचारा: उजेड कुठून येतोय? रंग किती आहेत? इथे राहतं कोण? मग मान वर करून स्वतःच्या खोलीकडे बघा. सुताराला फोन त्यानंतर!

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि पाणी आलं असेल तर आधी ड्रम भरा.