चाकाच्या काठावरचा एक ग्रॅम

आज ज्या गाड्यांविषयी बोलायचं आहे त्यांना ना इंजिन, ना बॅटरी, ना किल्ली. उतारावर सोडायची आणि बघत राहायचं. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी अशा गाड्यांची शर्यत सुरू केली. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा. ज्या गाडीत मुलं स्वतः बसून उतार उतरतात, त्या सोपबॉक्स डर्बीसाठी तो लहान पडत होता. मग मर्फींनी कब स्काउटांसाठी, म्हणजे स्काउटमधल्या लहान मुलांसाठी, छोटी शर्यत काढली, ती पाइनवुड डर्बी. पाइनच्या लाकडाचा सात इंची ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे, एवढंच सामान. गाडी मुलानं करायची असते; रात्री जागून पॉलिश कोण करतं ते सांगायला नको!

नियम असा, की गाडी ५ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जड नको. त्यामुळे जाणकार मंडळी काटा बरोबर १४२वर आणून ठेवतात. सगळ्यांचं वजन सारखं, मग फरक पडतो कुठे? वजन कुठे ठेवलंय, तिथे.

घरी पाट तिरका करा आणि वरून काचेची गोटी आणि बांगडी एकदम सोडा. गोटी पुढे जाते. बांगडी कितीही हलकी घ्या, ती मागेच राहते, कारण तिचं सगळं वजन काठावर असतं. उतरताना मिळालेल्या शक्तीतली निम्मी तिच्या नुसत्या फिरण्यात जाते. गोटीची जेमतेम दोन-सप्तमांश. गाडीच्या चाकाचंही तसंच. काठावरचा एक ग्रॅम पुढेही जातो आणि फिरतोही, म्हणून वेग देताना तो दोन ग्रॅमांइतका जड पडतो. आसाजवळच्या ग्रॅमचा असा त्रास जवळपास नाही.

आता हिशेब. साधं चाक अडीच ग्रॅमचं धरू, कातून हलकं केलेलं एक ग्रॅमचं. काढलेलं वजन शिसं किंवा टंगस्टन घालून धडात भरून काढायचं. हलक्या चाकांची गाडी सुमारे दीड टक्का वेगवान निघते. दीड टक्का म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण तीनेक सेकंदांच्या शर्यतीत, घर्षण सोडून दिलं तर, शेवटच्या रेषेवर हे अंतर जवळजवळ एका गाडीच्या लांबीइतकं भरतं.

इथे एक शंका हमखास येते. जड चाकात फिरण्याची शक्ती साठलेली असते, मग उतार संपल्यावरच्या सपाटीवर ती गाडीला पुढे रेटणार नाही का? रेटते, हे खरं. पण दोन्ही गाड्यांचं वजन सारखं आणि घर्षणही सारखं धरलं, तर ट्रॅकवरच्या कुठल्याही जागी दोघींकडे उरलेली एकूण शक्ती सारखीच असते. जड चाकांच्या गाडीत तिचा मोठा वाटा फिरण्यात अडकलेला. म्हणजे त्या जागी तिचा वेग कमीच. मागे पडलेली ही गाडी पुढे कुठेच भरपाई करू शकत नाही.

चाकं कातायला अनेक ठिकाणी बंदी आहे. तिथले हुशार लोक एक पुढचं चाक किंचित वर उचलून बसवतात. ट्रॅकला टेकलंच नाही तर ते फिरवायला शक्ती लागत नाही, आणि गाडी तीन चाकांवर धावते. काही ठिकाणी आता त्यालाही मनाई आहे.