मुका साक्षीदार

'तेरी मेहरबानियाँ' आठवतो? १९८५च्या या हिंदी चित्रपटात जॅकी श्रॉफने रंगवलेल्या नायकाचा खून होतो आणि त्याचा कुत्रा मोती खुन्यांना एकेक करून गाठतो.

ही कल्पना जुनीच. अमेरिकेत रिन टिन टिन हा जर्मन शेफर्ड कुत्रा मूकपटांचा नायक होता. बोलपट आले आणि वॉर्नर ब्रदर्सने त्याला निरोप दिला. मग मॅस्कॉट या बेताच्या भांडवलाच्या कंपनीने १९३० साली त्याला घेऊन 'द लोन डिफेंडर' ही १२ भागांची काउबॉय-रहस्यमालिका काढली. सोन्याच्या खाणीपायी मालकाचा खून होतो आणि साक्षीदार असतो फक्त कुत्रा! थोड्या पैशांत रहस्य रंगवण्याची ही नामी युक्ती. कुत्र्याला सगळे ठाऊक, पण सांगता येत नाही. प्रेक्षक खुर्चीत चुळबुळत राहतो.

न्यायालयात मात्र हे चालत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली पोलिसी कुत्र्याने काढलेल्या मागाला फारसे वजन दिले नाही. कुत्र्याची उलटतपासणी कोण घेणार? आणि माग चुकला तर निरपराध माणूस अडकायचा.

आपल्या रत्नागिरीकडच्या वाड्यांत रात्री कुत्रा भुंकला, की घरधनी बॅटरी घेऊन खळ्यात येतो आणि कोण आलंय ते स्वतः पाहतो. पडद्यावरचा मोती साक्षही देतो, शिक्षाही करतो. त्याला टाळ्या जरूर द्याव्यात; पण बाहेर आल्यावर शहानिशेचे काम आपलेच.