अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहिताना

(रौप्यमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला होता ‘उच्च शिक्षणाच्या संधी’. या विषयावर तासभर बोलता येतं आणि घरी जाताना कुणाच्या हाती काही लागत नाही. म्हणून मी एवढंच सांगणार आहे, की पुढं शिकायचं असेल तर ओळखपाळख नसलेल्या प्राध्यापकाला पत्र कसं लिहायचं, आणि कधी लिहायचंच नाही.

आपल्या घनसावंगीत पोरगं एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.ला जायचं म्हणालं, की घरात पहिला प्रश्न येतो, “तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?” मग फोनाफोनी. कुणी साहेबांचं लेटरहेडवरचं पत्र आणतं. मी बरीच वर्षं पदव्युत्तर वर्गांना शिकवलं, अशी पत्रं पुष्कळ पाहिली. त्यात साहेबांचं नाव ठळक असतं, आणि मुलाला नेमकं काय शिकायचंय ते कुठंच नसतं. प्राध्यापकाला मात्र तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

ओळखीवर भागत नाही हे जुनंच आहे. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. तरी नकार आला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, आणि कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. ही मुलगी बंगळूरला गेली, रामनांसमोर उभी राहिली आणि गुण असताना नकार का, असं विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर काम पाहू आणि मग ठरवू, या अटीवर. त्या कामानंच पुढची दारं उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. रामनांचं ते वागणं चूकच होतं, नोबेल मिळालेलं असलं तरी. पण मुलींनो, इथं एक लक्षात घ्या. त्यांनी कृपा मागितली नाही, आपलं काम पाहा म्हणाल्या.

आता आजचं बघू. सगळ्यात आधी, पत्र कुठं लिहू नये. आपल्याकडच्या एम.ए., एम.एस्सी.च्या जागा प्राध्यापकाच्या हातात नसतात. आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर ‘जॅम’ परीक्षा, एम.टेक.ला ‘गेट’. कृषी पदव्युत्तरला पुण्याच्या कृषी परिषदेमार्फत सीईटी आणि गुणवत्ता यादी, मग परभणी मिळो की राहुरी. तिथं “सर, माझं बघा ना” असं लिहून काही होत नाही. परदेशातही वर्गात बसून करायच्या मास्टर्सला बहुतेक ठिकाणी प्रवेश समितीच ठरवते.

पत्राची खरी गरज लागते ती संशोधनाला. पीएच.डी., कॅनडासारख्या ठिकाणची प्रबंध लिहून करायची मास्टर्स, जर्मनीतली डॉक्टरेट. जर्मनीत पुष्कळदा आधी प्राध्यापक शोधायचा आणि मग विद्यापीठाचा अर्ज, असा क्रम असतो. आपल्या देशात आधी पात्रता. ‘पेट’ द्या किंवा ‘नेट’. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला धरले जातात. पण मार्गदर्शकाकडं जागा तर पाहिजे? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडं एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरकडं सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडं चार विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. त्यामुळं मोठं नाव बघून लिहिलं आणि उत्तर आलं नाही, तर तुमच्यात खोट आहे असं समजू नका. कदाचित जागाच नसेल.

पत्र लिहायचं कसं? पोरं काय करतात, एकच मजकूर साठ जणांना पाठवतात, वर ‘डिअर सर’. त्यातल्या वीस बाई असतात! सगळ्यांचे पत्ते वर दिसतात ते वेगळंच. ईमेलचा पत्ता ‘किलर राजा’ वगैरे. हे पत्र उघडलं जातं आणि बंद होतं.

त्यापेक्षा तीनच प्राध्यापक निवडा. प्रत्येकाचा अलीकडचा एक लेख वाचा, सगळा कळला नाही तरी चालेल. मग दहा-बारा ओळी लिहा. मी कोण, कुठं शिकलो. तुमच्या अमुक लेखातली अमुक गोष्ट वाचून मला हा प्रश्न पडला. मी प्रकल्पात हे काम केलंय. पुढच्या वर्षी तुमच्याकडं विद्यार्थ्याला जागा आहे का? बास. सोबत गुणपत्रक आणि दोन पानी माहिती. तुमच्या प्रश्नात आपल्या मातीतलं काही असेल, मोसंबीची गळ, कपाशीवरची बोंडअळी, विहिरीच्या पाण्यातला क्षार, तर ते बिनधास्त लिहा. पुण्या-मुंबईच्या मुलाकडं ते नसतं.

“मी अत्यंत गरीब घरातला आहे, पाया पडतो,” असं लिहू नका. गरिबीसाठी वेगळी दारं आहेत. पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीला बार्टी, सारथी, महाज्योती. परदेशासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. तिथं उत्पन्नाचा दाखला लावा.

दोन आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग पुढच्या नावाकडं वळा. नकार आला तरी दोन ओळींत आभार माना. असा नकार देणाऱ्यानंच दुसऱ्याचं नाव सुचवलेलं मी पाहिलंय.

शिफारसपत्र ही वेगळी चीज. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले. सेलिग्मननी लंडनच्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी लिहिलं, ते त्यानंतर. शिफारस अशी वर्गात बसून मिळते. तेव्हा आत्ता ज्या कॉलेजात आहात, तिथल्या सरांना-मॅडमना तुमचं काम माहीत असू द्या.

पालकांना एक विनंती. “गाइड मिळवून देतो” म्हणून पैसे मागणारा भेटला, तर चहा पाजून परत पाठवा. ईमेल पाठवायला पैसे लागत नाहीत. एफडी मोडायची वेळ आलीच तर ती प्रवेश हातात आल्यावर, फीसाठी.

इंग्रजीची भीती वाटते, असं मघाशी एका मुलीनं हळूच सांगितलं. रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या कार्यालयात असतो. मसुदा मराठीत आणा, इंग्रजी आपण तिथं बसून करू. फक्त ज्यांना लिहायचंय त्यांचा एक वाचलेला लेख सोबत हवा, आणि त्यावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा.