लोकशाहीतील नागरिक खरोखर स्वतंत्र आहे काय ?
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तिचा आम्ही नम्रपणे स्वीकार केला आहे. आम्ही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेले सेवानिवृत्त शिक्षक आहोत. राज्यशास्त्राचे पंडित नव्हे. तथापि नागरिकशास्त्राचे पुस्तक पुष्कळ वर्षे मुलांपुढे उघडण्याचा योग आम्हांस आला. त्या पुस्तकात हक्कांची यादी दिलेली असते, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवितात. परंतु त्या यादीतील हक्क घरी, गावात व समाजात किती उतरतात, हा प्रश्न परीक्षेत कधीच विचारला जात नाही. तो आज आपणांपुढे ठेवावा असा आमचा मानस आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. स्वतंत्र म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा. मनास येईल तसे वागणे हा स्वैराचार होय. स्वतः विचार करून, परिणामांची जबाबदारी पत्करून आपला मार्ग निवडणे हे स्वातंत्र्य. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली व २६ जानेवारी १९५० पासून पूर्णतः अमलात आली. तिच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकास भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य आणि व्यवसाय यांचे स्वातंत्र्य दिले. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. एकविसाव्याने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांस संरक्षण दिले. ही देणगी सामान्य नव्हे. मग तिला कोणापासून धोका संभवतो ? आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन बाजूंनी.

पहिला धोका राज्यसत्तेचा. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली, ती मार्च १९७७ पर्यंत टिकली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. वडीलमाणसे हलक्या आवाजात बोलत, एवढेच आम्हांस कळे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने असा निर्णय दिला की, त्या काळात स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरोधी मत देणारे एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना होते. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्यास दिले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निर्णय चुकीचा ठरविला. कागदावरील हक्क आपोआप जिवंत राहत नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी एकटे उभे राहावे लागते, हा या इतिहासाचा बोध होय.

दुसरा धोका दारिद्र्याचा व अज्ञानाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत इशारा दिला होता की, राजकारणात आपण समान होणार आहोत, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमताच राहणार आहे; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही. ज्याची चूल दुसऱ्याच्या मर्जीवर पेटते, त्याचे मतही त्या मर्जीकडे पाहते. स्त्रियांची स्थिती तर याहून बिकट होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्या तयार होत असता अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच ओळख दिली. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. कायद्याने मताचा हक्क दिला होता. परंतु तो घेण्यासाठी आधी स्वतःचे नाव उच्चारावे लागते, आणि रूढीने तेवढीही मोकळीक ठेवली नव्हती.

येथून आम्ही तिसऱ्या धोक्याकडे वळतो. तो आपल्या अगदी जवळचा असल्याने त्याविषयी काहीसे विस्ताराने बोलणे भाग आहे. हा धोका आपल्याच माणसांचा होय. सरकारने अन्याय केला तर न्यायालय आहे, वृत्तपत्र आहे, पाच वर्षांनी निवडणूक आहे. परंतु आप्तेष्टांनी पाठ फिरविली, लग्नकार्याचे बोलावणे बंद केले, मुलीची सोयरीक अडविली, तर दाद कोठे मागावी ?

आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ग्रामण्य हा शब्द असे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतल्याचे प्रकरण गाजले. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पेलाभर चहावरून ग्रामण्य उपस्थित झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायखात्यात उच्च पदावर असलेल्या रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. ज्यांच्या लेखणीस व वाणीस इंग्रज सरकार वचकून असे, त्यांच्याभोवतीही ज्ञातीची ही साखळी पडली. मग सामान्य गृहस्थाची काय कथा !

ही साखळी तोडण्याचा प्रयत्न कायद्याने केला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला; परंतु धर्मपंथाच्या स्वातंत्र्याशी तो विसंगत आहे, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेला. २०१६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा नवा कायदा संमत केला व २०१७ पासून तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींनी स्वेच्छेने केलेल्या विवाहात जातपंचायतीस वा जमावास हात घालण्याचा अधिकार नाही.

कोणी म्हणेल, आपल्या संस्थेत कोठे कोणास वाळीत टाकले आहे ? खरे आहे. आपली संस्था विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, अडल्यानडल्यास हात देते, आणि याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु बहिष्कार नेहमीच दवंडी पिटून येत नाही. परज्ञातीत विवाह केलेल्या मुलीचे नाव कुटुंबसूचीतून गळते, ते कोणी गाळले हे कोणासच ठाऊक नसते. हळदीकुंकवाचे आमंत्रण तिच्या आईपर्यंत पोहोचत नाही. याला शिक्षा सांगणारे कलम सापडणार नाही. पण त्या आईच्या डोळ्यांतील पाणी हा पुरावा पुरेसा नाही काय?

दुसरी गोष्ट मताची. निवडणूक जवळ आली की, समाजाने एकगठ्ठा अमक्याच्या पाठीशी उभे राहावे असा ठराव करण्याची सूचना येते. सूचना करणाऱ्यांचा हेतू समाजाच्या हिताचाच असतो, हे आम्ही मान्य करतो. संघटित मताला किंमत येते, हेही खरे. परंतु ती किंमत कोणाच्या हाती पडते ? पाचपन्नास कुटुंबांचे मत एकाच्या खिशात गेले की वाटाघाट तो एकटा करतो. ज्यांचे मत गेले, त्यांना हिशेबही मिळत नाही. शिवाय १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मताची गुप्तता राखली आहे. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने, अथवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी मतदारास सामाजिक बहिष्काराची किंवा जातीतून काढण्याची धमकी देणे हा त्या कायद्याने भ्रष्ट आचार ठरविला असून तो सिद्ध झाल्यास निवडून आलेल्याची निवडणूकही रद्द होऊ शकते. ज्यांनी हा कायदा रचला, त्यांना आपल्या समाजाची नाडी बरोबर ठाऊक होती.

आणि ज्या विद्यार्थ्यास आपण शिष्यवृत्ती दिली, त्याला आपल्या ठरावाविरुद्ध मत देण्याचा धीर होईल काय ? धमकी कोणीच दिली नाही, तरी उपकाराचे ओझे धमकीचे काम करते. दान देऊन ज्याने मत मागितले, त्याने दान दिले नाही; व्यवहार केला.

येथे एक गोष्ट विसरू नये. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य घटनेनेच दिले आहे. आपली संस्था त्याच स्वातंत्र्याच्या आश्रयाने उभी आहे. ज्या झाडाच्या सावलीत आपण बसलो आहोत, त्याच्याच मुळाशी कुऱ्हाड घालणे शोभत नाही.

अलीकडे भ्रमणध्वनीवर दिवसभर तयार मते येऊन पडतात, आणि आपण ती न वाचता पुढे धाडतो. त्यांविषयी एवढेच सांगतो की, दुसऱ्याचे वाक्य पुढे ढकलणे म्हणजे भाषणस्वातंत्र्य उपभोगणे नव्हे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. नागरिक स्वतंत्र आहे काय ? कायद्याने आहे, व्यवहारात तेवढाच आहे, जेवढे त्याच्या भोवतालची माणसे त्याला राहू देतात. म्हणून सरकारकडे बोट दाखविण्याआधी आपण आपल्या अंगणापासून आरंभ करावा. या सभेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. संस्थेने निवडणुकीत कोणाही उमेदवाराच्या बाजूने ठराव करू नये. कुटुंबसूचीत ज्ञातीतील प्रत्येक मुलामुलीचे नाव, विवाह कोठेही झालेला असो, सन्मानाने छापावे. आणि सभासदत्व कुटुंबप्रमुखाच्या एकट्याच्या नावावर न ठेवता प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास या सभेत स्वतंत्र मत द्यावे. पहिल्या मतदारयादीतील त्या लाखो भगिनींना जे नाव सांगता आले नाही, ते निदान आपल्या नोंदवहीत तरी उमटू द्या.

यातील काही विचार कित्येकांस रुचणार नाहीत, हे आम्ही जाणतो. ते न रुचूनही आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. तिन्ही विनंत्यांवर आज नाही तरी पुढील सभेत मोकळेपणाने चर्चा व्हावी व विरोधी मतही याच शांतपणे ऐकले जावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.