आधी काळी आई, मग पाहुणा
(प्रभागसंघाच्या सभेत ग्रामीण पर्यटनावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एक विषय निघाला आणि अर्धवट राहिला. पावसाळ्यात येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला, धबधबा बघायला लांबून गाड्या येतात. तुळजापूरला वर्षभर भाविक असतात. मग आपल्या गटांनी चुलीवरचं जेवण, मुक्कामाची खोली, शेतफेरी असं काही सुरू करावं का? काही जणी म्हणाल्या, करूच. एक मावशी म्हणाल्या, "आपल्याकडं काय हाय बघण्यासारखं?" आज त्यावरच बोलते.

मावशी, येळवशीला आपण काय करतो ते आठवा. मार्गशीर्ष अमावास्येला घराला कुलूप लावून सगळा गाव शिवारात जातो. कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. पुण्या-मुंबईची माणसंही येतात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आपण हाक मारून जेवायला बसवतो. म्हणजे शेतात पाहुणा बोलवायचं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण येळवशीचा एक नियम आहे. पहिला नैवेद्य काळ्या आईला, आंबील आधी पिकावर शिंपायची, मग पाहुण्याचं ताट. हा क्रम विसरायचा नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते, हसू नका. मागच्या येळवशीला माझ्या भज्जीतलं निम्मं सामान बाजारातून आणलेलं होतं. शेतात सोयाबीननंतर नुसता हरभरा. तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, पात सगळं विकतचं. आंबिलीची ज्वारीसुद्धा विकतची! माझी सासू हे सगळं एका फेरीत आपल्याच बांधावरून ओट्यात घेऊन यायची. पुतण्याबरोबर शहरातले मित्र आले होते. त्यांच्या लेकरानं शेजारच्या शेतातली करडई बघून विचारलं, हे काटेरी काय आहे? माझ्या नातीला सांगता आलं नाही. तेव्हा मला कळलं, पाहुण्याला शेत नवीन आहे हे खरं, पण आपल्या घरालासुद्धा ते परकं व्हायला लागलंय.

रानाचंही तसंच. सरपणाला, सीताफळाला जाणाऱ्या बायांना बालाघाटाच्या डोंगरातली एकेक वाट ठाऊक होती. गॅस आला, धुरातून सुटका झाली, ते चांगलंच झालं. पण रानात जाणं थांबलं तशी ओळखही तुटली. आता आपणही रामलिंगला गेलो की फोटो काढतो, वानरांना बिस्किटं टाकतो, पुडा तिथंच टाकून येतो. ते १९९७ पासूनचं अभयारण्य आहे, बागबगीचा नाही.

हे आपल्याला वाघानं चांगलंच सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो आला होता, साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून! पकडायला बाहेरून पथकं आली, तरी तो हाती लागेना. येळवस त्याच महिन्यात होती. तेव्हा मला एका ओळखीच्यानं शहरातून फोन केला, "काकू, आलो तर वाघ दिसेल का?" मी म्हटलं, "बाबा, आमच्या बाया शेळ्या घेऊन बांधावर जायला भितात, रात्री पाणी द्यायला माणूस एकटा जात नाही, आणि तुला वाघ दाखवू?" राग त्याचा नव्हता. पण ज्याची जनावरं जातात त्याला जंगल वेगळं दिसतं आणि जो दोन दिवसांसाठी येतो त्याला वेगळं दिसतं. पर्यटन करायचं तर हे पाहुण्याला समजावून सांगायचं काम आपलं. वाघाचं आमिष दाखवून कुणाला बोलवायचं नाही.

मग करायचं कसं? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, ताट आपल्या रानातलं पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कितीतरी जणींनी एक एकर खाण्याच्या पिकांसाठी वेगळं काढलंय : ज्वारी, डाळी, भाजीपाला, तोही कमी पाण्यात, शेणखतावर. हे काम बायांबरोबर उभं करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांकडून इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाहुणा नाही आला तरी ते एकर लेकरांचं पोट भरतं. सामान बाजारातून आणून पाहुणचार केला, तर पैसा बाजारातच परत जाणार.

दुसरी, पाण्याचा हिशोब आधी. उन्हाळ्यात जिथं टँकरची वाट बघतो, तिथं चैत्र-वैशाखात मुक्कामी पाहुणा घ्यायचा नाही. पावसाळ्यापासून येळवशीपर्यंत घ्यावा. आंघोळीला बादली, फवारा नाही. हे आधीच सांगायचं, त्यात लाज नाही.

तिसरी, कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा. पाणी तांब्यात, जेवण ताटात. बाटल्या आणि थर्माकोल शिवारात नको.

चौथी, कागदावर नाव बाईचं. भाकरी थापणार आपण आणि खातं दुसऱ्याचं, असं पुष्कळ झालं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. २०२३ साली महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल, ती स्वतः चालवत असेल, तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज अटींनुसार परत मिळायची सोय त्यात आहे. पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लागते. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर अर्ज करण्याआधी घरात बोला आणि कागद नीट विचारून घ्या. कर्ज शेवटी कर्जच असतं, म्हणून आधी चार-पाच ताटांवर सुरू करा, जमलं तर वाढवा.

आणि विकायला आपल्याकडं नाव असलेली वस्तूही आहे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पाहुण्याच्या हातात परत जाताना परगावची मिठाई कशाला द्यायची?

पुढच्या बैठकीला एक काम करून या. वहीच्या पानाचे दोन भाग करा. एका बाजूला लिहा, आपल्या गावातलं काय पाहुण्याला दाखवू. दुसऱ्या बाजूला लिहा, काय दाखवणार नाही, विकणार नाही : आटत चाललेला आड, पाखरांची घरटी असलेलं झाड, देवराईची वाट. दुसरी बाजू आधी भरा. आणि लिहायला बसाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईला आणि नातीला दोघींनाही शेजारी घ्या. एकीला माहीत आहे, दुसरीला कळलं पाहिजे.

यंदाच्या येळवशीला माझी भज्जी माझ्या रानातली असणार. तूर पेरलीय, मेथी टाकणार आहे. जेवायला या सगळ्याजणी. पैसे घेणार नाही!